टिश्यू लॅबमधलं काम: हिस्टोपॅथॉलॉजीत येऊ बघणाऱ्यांसाठी

बायोमेडिकल सायंटिस्ट म्हणून हॉस्पिटलच्या टिश्यू लॅबमधे, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्यांची तपासणी होते त्या हिस्टोपॅथॉलॉजी विभागात, यायचा विचार करणारे बरेच जण मला विचारतात की दिवसभर मायक्रोस्कोपमधेच बघायचं असतं ना. तसं नाहीये. निदान पॅथॉलॉजिस्ट करतात, आपण ज्या स्लाइडवरून ते निदान होतं ती स्लाइड तयार करतो आणि सगळा कस तिथेच लागतो. रक्ताच्या लॅबमधून आलेल्यांना मी आधी एकच सांगते, तिकडे सॅम्पल खराब झालं तर बहुतेक वेळा परत रक्त काढता येतं, इथे बायोप्सीचा २ मिलिमीटरचा तुकडा हरवला किंवा दुसऱ्याच्या नंबरवर गेला तर तो परत कुठून आणणार, कित्येकदा गाठ पूर्ण काढून झालेली असते. आमचे नियम बाहेरून बघणाऱ्याला अति वाटतात, पण ते सगळे ह्यातूनच आलेत.

सकाळी नमुन्यांचे डबे येतात. डब्यावरचं नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल नंबर फॉर्मशी जुळला पाहिजे, डावं-उजवं जुळलं पाहिजे, फॉर्मवर ४ डबे लिहिलेत तर चारच आलेत का ते मोजायचं. नाही जुळलं तर काय चुकलंय ते अगदी स्पष्ट दिसत असलं तरी आपल्या मनाने दुरुस्ती करायची नाही, ज्यांनी पाठवलं त्यांना फोन करायचा, खात्री त्यांनी करायची आणि आपण त्याची नोंद ठेवायची. नवीन मुलांना मोठ्या सर्जनला फोन लावायचा म्हणजे जिवावर येतं. लावा. समोरचा चिडला तरी लावा.

टिश्यू १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमधे, म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्या पातळ द्रावणात, असतो. १८९३ मधे फर्डिनांड ब्लुम फॉर्मल्डिहाइड जंतुनाशक म्हणून तपासत होते, तेव्हा स्वतःच्या बोटांची कातडी कडक झालेली त्यांच्या लक्षात आली आणि त्यातून फिक्सेशनसाठी, म्हणजे टिश्यू सडू न देता आहे तसा टिकवण्यासाठी, त्याचा वापर सुरू झाला. म्हणजे टिश्यू टिकवणारा गुण आपल्या त्वचेवरही तसाच चालतो हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. २००४ मधे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, त्यामुळे हवा खेचणाऱ्या टेबलावरच काम करा, "दोनच मिनिटं" म्हणून उघड्यावर डबा उघडू नका, आणि प्रेग्नन्सी असेल तर इन्चार्जला लवकर सांगा. फॉर्मलिन आत शिरतं हळू, साधारण तासाला १ मिलिमीटर, म्हणून मोठा ब्रेस्टचा नमुना आल्यावर तो कापून उघडावा लागतो नाहीतर मधला भाग सडत राहतो. ब्रेस्ट कॅन्सरमधे ईआर, पीआर (हॉर्मोन रिसेप्टर) आणि हर-टू (एक प्रोटीन) ह्या टेस्टसाठी फिक्सेशन ६ ते ७२ तासांत असावं असं गाइडलाइन सांगते, आणि त्या रिझल्टवर पेशंटची औषधं ठरतात, तेव्हा डबा कधी भरला ती वेळ लिहिलेली आहे का हे बघणं किती महत्त्वाचं आहे ते तुमच्या लक्षात येईल.

मग कट-अप म्हणजे नमुन्यातून तपासायचे तुकडे कापणं, ते कॅसेट नावाच्या छोट्या जाळीदार डबीत ठेवणं, रात्रभर मशीनमधे अल्कोहोल, झायलीन आणि शेवटी ६० अंशांच्या आसपासचं वितळलेलं मेण. हे मशीन करतं. एम्बेडिंग, म्हणजे तुकडा मेणात नीट बसवून त्याचा ब्लॉक करणं, मात्र हाताचं काम आहे आणि नवीन लोक ह्याला कमी लेखतात. त्वचेचा तुकडा उभा बसला पाहिजे म्हणजे वरच्या थरापासून चरबीपर्यंत सगळं एका सेक्शनमधे (पातळ कापात) दिसेल, तो आडवा पडला तर मेलानोमा (त्वचेचा कॅन्सर) किती खोल गेलाय ते मोजताच येत नाही. एका वेळी एकच कॅसेट उघडायची, फोर्सेप्स पुसायचे, मगच पुढची.

आता मायक्रोटोम, म्हणजे ब्लॉकचे पातळ काप काढायचं यंत्र. ३ ते ४ मायक्रॉनचा सेक्शन काढायचा असतो, म्हणजे ७ मायक्रॉनच्या लाल पेशीपेक्षाही पातळ. हात बसायला महिने लागतात आणि ते सगळ्यांनाच लागतात, शेजारची मुलगी भराभर रिबन (एकाला एक जोडलेल्या सेक्शनची पट्टी) काढतेय म्हणून तिच्या वेगाला जाऊ नका. सेक्शनवर उभ्या रेघा आल्या तर ब्लेडला खाच पडलीय, ब्लेड सरकवा. जाड-पातळ यायला लागले तर आधी ब्लेड किंवा ब्लॉक ढिला आहे का बघा, तडे गेले तर ब्लॉक जास्त थंड झालाय. छोट्या बायोप्सीला ट्रिम करताना, म्हणजे वरचं मेण काढून टिश्यू उघडा करताना, मोह आवरा, दोनचार फेऱ्या जास्त फिरवल्या की नेमका तो कोपरा कचऱ्यात जातो. दर ब्लॉकनंतर वॉटर बाथवरचा (सेक्शन ज्या कोमट पाण्यावर तरंगवतो त्यावरचा) थर पुसून काढा, कारण आधीच्या पेशंटचा तरंगता कण दुसऱ्याच्या स्लाइडवर बसला तर नसलेला कॅन्सर दिसू शकतो. आणि ब्लॉकला हात लावायच्या आधी मायक्रोटोमचं चाक लॉक करून ब्लेडवर गार्ड, दर वेळी, न चुकता!

स्टेनिंगमधे, म्हणजे सेक्शन रंगवण्यात, रोजचा हिमॅटॉक्सिलीन-इओसिन, पेशींची केंद्रकं निळी, बाकी गुलाबी. टीबीसाठी झील-नीलसन, बुरशीसाठी पीएएस, अमायलॉइडला (टिश्यूत साचणाऱ्या एका प्रोटीनला) काँगो रेड जो पोलराइज्ड लाइटमधे हिरवा चमकतो, हे हळूहळू येतं. कंट्रोल स्लाइड (रंग कसा यायला हवा ते आधीच माहीत असलेली) बरोबर रंगली नसेल तर पेशंटची स्लाइड कितीही छान दिसो, पुढे पाठवायची नाही.

फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असताना टिश्यू गोठवून लगेच कापण्याला, वेगळीच धांदल असते. सर्जन थिएटरमधे थांबलेले, साधारण २० मिनिटांत उत्तर हवं, टिश्यू ताजा म्हणजे जंतू जिवंत असू शकतात, क्रायोस्टॅट (थंड पेटीतला मायक्रोटोम) उणे २० अंशांवर. टीबीचा संशय असेल तर आधीच बोला, शक्यतो फ्रोझन टाळतात.

एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. फॉर्मवर वय असतं. लहान मुलांचे, गर्भपाताचे नमुने येतात, आणि ते हाताळताना पोटात तुटतं. त्या दिवशी सीनियरशी बोला, मन मारून काम रेटू नका, मी आजही बोलते.

शिक्षणाचं म्हणाल तर देशागणिक नियम वेगळे. ब्रिटनमधे बायोमेडिकल सायंटिस्ट हे पद कायद्याने संरक्षित आहे, हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय ते नाव लावता येत नाही, आणि नुसती डिग्री पुरत नाही, लॅबमधे ट्रेनिंग करून पोर्टफोलिओ (शिकलेल्या कामाच्या पुराव्यांची फाइल) भरावा लागतो. म्हणून कुठेही जॉइन होण्याआधी लॅब बघायला मागा आणि सरळ विचारा की ट्रेनिंग कोण देणार, पोर्टफोलिओसाठी ड्युटीत वेळ मिळणार का, आणि सरावाला पेशंटच्या निदानासाठी न लागणारे ब्लॉक वेगळे ठेवलेत का. "थेट पेशंटच्या ब्लॉकवरच शिका" असं उत्तर आलं तर दुसरी लॅब शोधा.