वसतिगृहातील ख्रिस्ती विद्यार्थ्याने विश्वासात कसे वाढावे : अभ्यासगट, मंडळी आणि महाविद्यालय

अहिल्यानगर, जालना किंवा वसईकडच्या गावातून पुण्या-मुंबईला शिकायला आलेल्या ख्रिस्ती विद्यार्थ्याच्या विश्वासाचा भार तोवर घराने आणि गावाने उचललेला असतो. रविवारी उपासनेची घंटा वाजली की घरातले सगळे निघतात म्हणून आपणही निघतो, रात्री आजी प्रार्थनेला बसते म्हणून आपणही बसतो, आणि नाताळच्या आधी तरुण संघ घरोघरी गाणी गात फिरतो म्हणून आपणही त्यात असतो. वसतिगृहात यातले काहीच आपोआप घडत नाही. रविवारी सकाळी खोलीतले बाकीचे झोपलेले असतात, मेसमध्ये नाष्टा उशिरा मिळतो, आणि उपासनेला गेला नाही म्हणून विचारणारे कोणी नसते. जे पहिल्या सत्रात सुटते, ते पुढे तीन वर्षे सुटलेलेच राहण्याची शक्यता अधिक असते. म्हणून पुढील गोष्टी प्रवेश मिळाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच सुरू कराव्यात.

या साऱ्यात सर्वाधिक भरवशाचा मार्ग साधा आहे. चार-सहा विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे, एक शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः वाचावे, आणि त्याच वेळी शहरातील एखाद्या मंडळीशी, म्हणजे चर्चच्या समुदायाशी, बांधलेले राहावे. मोठी शिबिरे, नामवंत वक्ते आणि संगीताच्या सभा यांचा उपयोग होतो, परंतु सभा संपल्यावर सोमवारी वर्गात जायचे असते, आणि तेथे उपयोगी पडते ते स्वतः वाचून, विचारून, पचवलेले वचन.

आधीपासून काय आहे, ते शोधा

नवा गट काढण्यापूर्वी चालू असलेल्या गटांची चौकशी करावी. भारतात विद्यार्थ्यांमधील ख्रिस्ती कामाला शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ऑफ इंडिया 1912 पासून आहे, आणि कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन 1924 पासून आहे. 1954 मध्ये स्थापन झालेली युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची प्रार्थना व पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) अभ्यासाची मंडळे चालवते. तेथे विद्यार्थ्यांच्या गटाला ‘ईयू’ (इव्हँजेलिकल युनियन) आणि पदवीधरांच्या गटाला ‘ईजीएफ’ (इव्हँजेलिकल ग्रॅज्युएट्स फेलोशिप) म्हणतात. या तिन्हींचा स्वभाव वेगवेगळा आहे. पहिल्या दोन चळवळींत सामाजिक न्यायाचा विचार ठळकपणे येतो, तर तिसरीत वैयक्तिक शास्त्रवाचन आणि सुवार्तेवर भर असतो. कोणत्या गटात जावे, हे केवळ मैत्रिणीने बोलावले म्हणून ठरवण्यापेक्षा दोन-तीन बैठकांना बसून, तेथे शास्त्र कसे वाचले जाते ते पाहून ठरवावे.

येथे सावध राहण्याचीही गरज आहे. जो गट आई-वडिलांपासून किंवा गावच्या पाळकांपासून (चर्चच्या धर्मगुरूंपासून) गोष्टी लपवायला सांगतो, बाकी सर्व मंडळ्या भ्रष्ट आहेत असे शिकवतो, शिष्यवृत्तीच्या पैशांतून दशांश, म्हणजे दहावा हिस्सा दान म्हणून, मागतो, किंवा परीक्षा सोडून ‘सेवेला’ येण्याचा आग्रह धरतो, त्या गटापासून दूर व्हावे. असे गट सुरुवातीला फार प्रेमळ वाटतात. नव्या शहरात एकटे पडलेल्या मुलाला तर विशेषच वाटतात. एखादी शंका विचारल्यावर पुढारी उत्तर देतो, की तुमच्या विश्वासातच खोट आहे असे सुचवतो, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

मंडळीचे पत्र बरोबर आणा

विद्यार्थ्यांचा गट मंडळीची जागा घेऊ शकत नाही. गटात सगळे अठरा ते बावीस वर्षांचे असतात. तेथे प्रभुभोजन नसते, म्हातारी माणसे नसतात, लहान मुले नसतात, आणि मृत्यू, आजार, कर्ज यांतून गेलेल्या माणसांचा सहवासही नसतो. म्हणून गाव सोडताना आपल्या पाळकांकडून ओळखीचे पत्र घ्यावे आणि शहरातील मंडळीच्या पाळकांना पहिल्याच महिन्यात भेटून ते द्यावे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपूरला 29 नोव्हेंबर 1970 रोजी झाली, तेव्हा अनेक जुन्या परंपरांच्या मंडळ्या तिच्यात एकत्र आल्या. त्यामुळे अहिल्यानगरच्या जुन्या मिशनशी जोडलेल्या कुटुंबातील मुलाला मोठ्या शहरात ओळखीची उपासनापद्धती सहसा सापडते. कॅथलिक विद्यार्थ्याने जवळच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) फादरांना भेटावे.

मराठी उपासनेला जावे की इंग्रजी, हा प्रश्न पुण्यात प्रत्येकाला पडतो. इंग्रजी उपासनेत समवयस्क अधिक भेटतात, गिटार असते, वातावरण मोकळे वाटते. तरीही ज्याची प्रार्थना मराठीत फुटते, त्याने ती सोडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ‘उपासना संगीत’ हा भजनसंग्रह हातात घेऊन ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे एखादे भजन म्हणताना जे कंठाशी येते, ते केवळ सवयीचे नसते. महिन्यातून एखाद्या रविवारी मित्रांबरोबर दुसरीकडे गेल्यास काही बिघडत नाही, परंतु दर रविवारी नवी मंडळी पाहत फिरणाऱ्याला कोठेच कोणी ओळखत नाही.

गट कसा चालवावा

आपल्या महाविद्यालयात गट नसेल, तर दोघे मिळूनही सुरुवात करता येते. सहाच्या पुढे संख्या गेली की दोन-तीन जण बोलत नाहीत असे लवकरच लक्षात येते. त्या वेळी गटाचे दोन भाग करावेत. वेळ एकदा ठरली की बदलू नये. बुधवारी संध्याकाळी सात म्हणजे सात, आणि आठ वाजता उठायचे, कारण मेसची वेळ आणि वसतिगृहाचे दार बंद होण्याची वेळ दोन्ही सांभाळायच्या असतात. जागा शक्यतो उघडी असावी: मैदानाची पायरी, जवळच्या चर्चमधील खोली किंवा एखाद्या प्राध्यापकांचे घर. वसतिगृहातील खोलीत बसायचे असल्यास खोलीतील इतरांची संमती आधी घ्यावी. वरच्या वर्गातील पुढाऱ्याने नव्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला बंद खोलीत एकटे भेटू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

वाचनासाठी मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे. ते चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान आहे आणि त्याचे सोळाच अध्याय आहेत. आठवड्याला एक अध्याय धरला, तर सत्रात बहुतेक भाग होतो आणि उरलेला दिवाळीच्या सुट्टीनंतर पूर्ण करता येतो. चौदाव्या अध्यायात 72 वचने आहेत. तो एका बैठकीत उरकण्याचा हट्ट करू नये. सोळाव्या अध्यायातील नवव्या वचनापासूनचा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, हे गट चालवणाऱ्याला आधीच माहीत असावे, कारण इतिहास किंवा भाषाशास्त्र शिकणारा कोणी ना कोणी ते विचारतोच, आणि त्या वेळी गडबडून विषय बदलल्यास पंधरा अध्यायांत कमावलेला विश्वास कमी होतो.

गटात सर्वांजवळ एकच भाषांतर असलेच पाहिजे असे नाही. बायबल सोसायटीचे प्रचलित मराठी पवित्र शास्त्र बहुतेकांच्या घरून आलेले असते. ज्याला त्याची भाषा जड जाते, त्याने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ जवळ ठेवावे. मिझोराम, नागालँड किंवा केरळमधील मित्र गटात असतील, तर त्यांनी आपापल्या भाषेत वाचावे आणि चर्चा सर्वांना समजेल त्या हिंदी-इंग्रजीत व्हावी. मराठी मुलांची संख्या जास्त असली म्हणून या मित्रांना गप्प बसायला लागू नये.

वाचनाची पद्धत तीन टप्प्यांची ठेवावी: येथे काय घडते, त्याचा अर्थ काय, आणि त्यामुळे या आठवड्यात आपण काय करणार. पहिल्या टप्प्यावर निम्मा वेळ घालवावा. बहुतेक गट येथेच घाई करतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीची कफर्णहूममधील घटना घ्या. घर इतके भरले आहे की दारातही जागा नाही. चौघे जण एका पक्षघाती माणसाला उचलून आणतात, छप्पर उघडतात आणि त्याची बाज खाली सोडतात. आता प्रत्येकाने वचने पुन्हा वाचून फक्त दिसते ते सांगायचे. कोणी म्हणेल, तो आजारी माणूस या सबंध प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. कोणी म्हणेल, येशूने पाहिला तो ‘त्यांचा’ विश्वास. कोणाच्या लक्षात येईल, की वाट अडवणारे लोक शत्रू नव्हते, तर वचन ऐकायला आलेलेच होते. शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे जाणकार, मनातल्या मनात विचार करतात आणि येशू त्यांना मोठ्याने उत्तर देतो. एवढे सारे समोर आल्यावर अर्थ सांगायला पुढाऱ्याने भाषण देण्याची गरज राहत नाही. आधी पापांची क्षमा आणि मग बरे होणे हा क्रम का, हा एकच प्रश्न टाकावा आणि थांबावे. शांतता पसरली तरी ती लगेच भरून काढू नये.

तिसऱ्या टप्प्यावर उत्तर नेमके हवे. ‘आपण इतरांवर प्रेम केले पाहिजे’ हे उत्तर कोणालाही कशासाठी बांधत नाही. ‘आपल्या मजल्यावरचा एक मुलगा दोन आठवडे वर्गात आलेला नाही, उद्या मी त्याच्या खोलीवर जाऊन येतो’ हे उत्तर बांधते, आणि पुढच्या बुधवारी त्याबद्दल विचारताही येते.

एकट्याने करायचे वाचन

सामुदायिक बैठकीला जोड म्हणून रोज वीस मिनिटे स्वतःची ठेवावीत. मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थना करतो. वसतिगृहात असा एकांत गच्चीवर किंवा रिकाम्या वाचनालयात मिळतो. मोबाईलवर वाचायला हरकत नाही, मात्र सूचना बंद कराव्यात, नाहीतर बायबलमधील एखाद्या स्तोत्राच्या मध्येच सबमिशनची तारीख डोकावते. स्तोत्रे मोठ्याने वाचावीत. ज्या दिवशी प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत, त्या दिवशी स्तोत्रकर्त्याचे शब्द वापरले तरी चालते. त्यासाठीच मंडळीने ते शतकानुशतके जपले आहेत.

इतर धर्मांचे मित्र आणि कायदा

संविधानाच्या अनुच्छेद 25 नुसार प्रत्येक व्यक्तीला सद्सद्विवेकबुद्धीचे आणि आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत आहे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. अनुच्छेद 28 नुसार पूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. त्यामुळे महाविद्यालयाच्या आवारात जागा वापरायची असल्यास प्राचार्यांची लेखी परवानगी घ्यावी, आणि ती नाकारली गेल्यास वाद न घालता बाहेर बसावे.

कायद्यापलीकडेही एक मर्यादा स्वतःला घालून घ्यावी. कोणाची फी भरली, नोट्स दिल्या, आजारपणात डबा नेला, तर ते मैत्रीसाठी करावे आणि त्याच्या बदल्यात बैठकीचे आमंत्रण जोडू नये. विचारले तर आपण काय मानतो ते सरळ सांगावे. न विचारता वारंवार सांगू नये. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये सुरू केलेल्या ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या बंधुसंघात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना, दोघांनाही जागा होती. गटातही बाहेरचा मित्र कुतूहलाने आला, तर त्याला प्रश्न विचारू द्यावेत आणि त्याच्या घरच्या देवघराची थट्टा कोणी करू नये. दिवाळीला त्याच्या घरचा फराळ खायला आपण जातोच.

अभ्यास, पैसा आणि पुढचे वर्ष

परीक्षेच्या काळात गट बंद करू नये, लहान करावा: वीस मिनिटे, एक स्तोत्र, एकमेकांच्या विषयांची नावे घेऊन प्रार्थना. प्रार्थनेमुळे बॅकलॉग सुटत नाही आणि नापास होणे ही विश्वासातील उणीवही नाही, हे वरच्या वर्गातील मुलांनी नव्यांना स्पष्ट सांगावे. ज्याचे मन फार खचले आहे, झोप उडाली आहे, जगण्यात अर्थ वाटत नाही असे जो बोलतो, त्याच्यासाठी प्रार्थना करावीच, परंतु त्याच दिवशी महाविद्यालयातील समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे त्याला घेऊन जावे आणि घरच्यांना कळवावे. हे काम गटाच्या आवाक्यातले नसते.

पैशांचा व्यवहार जितका कमी तितका बरा. चहा आणि झेरॉक्सपुरती वर्गणी असावी, ती एका वहीत लिहावी आणि दोघांच्या सह्या असाव्यात. व्हॉट्सअ‍ॅप गटावर फक्त वेळ, जागा आणि वाचायचा अध्याय टाकावा. कोणाची खासगी अडचण प्रार्थनाविनंती म्हणून तेथे लिहू नये, कारण ती संध्याकाळपर्यंत तीन वसतिगृहांत पोहोचते.

विद्यार्थ्यांचे गट बहुधा एकाच कारणाने मरतात: चालवणारा तिसऱ्या वर्षात जातो आणि दुसरे कोणी तयार नसते. म्हणून डिसेंबरपासूनच दुसऱ्या वर्षाच्या दोघांकडे आळीपाळीने बैठक सोपवावी. त्यांचे प्रश्न कच्चे असतील, एखादी बैठक पंधरा मिनिटांत संपेल. तरी मध्ये पडू नये, नंतर दोघांनाच बाजूला घेऊन बोलावे. शेवटचे सत्र जुन्या पुढाऱ्याने साधा सदस्य म्हणून बसावे. पदवीनंतर त्याने नोकरीच्या गावी पाळकांना भेटावे, तेथील पदवीधरांच्या गटाची चौकशी करावी, आणि जूनमध्ये नव्या विद्यार्थ्यांची नावे जुन्या गटाला कळवण्यासाठी आपल्या गावच्या पाळकांना फोन करावा.