हर-टूची स्लाइड वाचताना आधी रंगाची जागा पाहा

स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीत हर-टू हे प्रथिन किती आहे, ते या स्लाइडवर तपकिरी रंगाने दिसतं. नव्या रेसिडेंटची नजर पहिल्यांदा त्या रंगाच्या गडदपणावर जाते. मी म्हणते, रंग किती ते नंतर. तो पेशीच्या पटलावर आहे की आत पेशीद्रवात, ते आधी सांगा. हर-टू हे टायरोसिन कायनेज, म्हणजे एन्झाइमच. पटलात बसून ते हर-थ्री या भावंड प्रथिनाशी जोडी जमवतं आणि पेशीला वाढीचा निरोप देतं. ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषधही त्याला पेशीच्या बाहेरूनच पकडतं. म्हणून पेशीद्रवातला रंग मोजायचा नाही, कितीही गडद असो.

आधी कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, पाहा. मग त्याच स्लाइडवरची निरोगी दुग्धनलिका शोधा. तिचंच पटल ठळक रंगलं असेल तर स्टेनिंग पुन्हा करायला पाठवा, पुढे वाचत बसू नका. कडेचा आणि चिरडलेला भाग सोडा. आक्रमक कॅन्सरच वाचा. डीसीआयएस, म्हणजे अजून नलिकेच्या आतच असलेला कॅन्सर, त्यात धरला की स्कोअर भलताच येऊ शकतो.

10 टक्क्यांहून जास्त पेशींभोवती गडद, अखंड कडं, खुराड्याच्या जाळीसारखं, तर स्कोअर 3+, म्हणजे हर-टू पॉझिटिव्ह. हे कमी भिंगातही दिसतं. टक्केवारी तीच, कडं पूर्ण पण फिकट ते मध्यम, तर 2+, म्हणजे अनिश्चित; तिथे हट्ट नको, हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी करा. अर्धवट, जेमतेम दिसणारं असेल तर 1+.

आणि ऑपरेशन थिएटरला बजावून ठेवा: गाठ तासाभरात फॉर्मलिनमध्ये पडली पाहिजे, आणि तिथे 6 ते 72 तास. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला नमुना सकाळी टेबलावर आला की माझं डोकंच फिरतं.