पत्र्याला घाम सुटायच्या आत

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच धुळ्याकडे पहाटेचा पत्रा घामेजायला लागतो. शोभेच्या कोंबड्यांच्या खुराड्याची थंडीची तयारी मी तिथूनच सुरू करतो. उजाडायच्या आधी पत्र्याला आतून हात लावून बघा. तळहात ओला झाला तर रात्रभर कोंबड्यांच्या श्वासाची वाफ वर जाऊन, गार पत्र्यावर थेंब होऊन त्यांच्याच पाठीवर पडतेय. गारठ्यापेक्षा हा थेंब वाईट. कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास तापलेलं असतं. कोरडी असली की पिसं फुगवून ती रात्र काढते. सिल्की या केसाळ, मऊ पिसांच्या जातीचं तसं नाही. तिच्या पिसांचे धागे एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून पाणी वरच्यावर ओघळत नाही, थेट कातडीला भिडतं. (शेजारच्या आजी अजून विचारतात, ‘हाई कोंबडी शे का मांजर?’)

तेव्हा पत्र्यावर पऱ्हाटी नाहीतर कडबा जाड अंथरून वरून ताडपत्री बांधून घ्या. जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांना हा घाम कधी सुटला नाही, तो मातीच्या जाडीमुळे. मग छपराच्या अगदी खाली, समोरासमोरच्या भिंतींत वीतभर फट ठेवून जाळी ठोका. वारा कोंबड्यांच्या डोक्यावरून जावा, अंगावरून नाही. खालच्या बाजूला गोणपाट लावा आणि ऊन आलं की गुंडाळा. पहिल्या वर्षी मी प्लॅस्टिकने चारी बाजू गच्च बंद केल्या होत्या. तिसऱ्या सकाळी दार उघडलं तर विष्ठेच्या वासाने माझेच डोळे चुरचुरले आणि दोन कोंबड्या घरघरत होत्या.

खाली भुसा चार-पाच इंच हवा. मूठभर घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर चुना भुरभुरून हलवा, नाहीतर बदलाच. सिल्की दांडीवर चढत नाहीत, कोपऱ्यात ढीग करून झोपतात, म्हणून तो कोपरा आधी बघायचा. ब्रह्मा आणि कोचिन या पायांवर पिसं असलेल्या जड जातींसाठी दांडी चार बोटं रुंद, सपाट, म्हणजे पायाची बोटं पोटाखाली झाकली जातात. त्यांच्या पायांच्या पिसांत चिखलाचे गोळे बांधतात. ओढू नका, कोमट पाण्यात भिजवून सोडवा आणि पाय पुरते सुकवूनच आत सोडा. पोलिश जातीच्या डोक्यावरचा पिसांचा तुरा पाण्यात बुडतो, तिला अरुंद तोंडाचं भांडं द्या. पाण्याची भांडी रात्री बाहेर काढा, सकाळी कोमट पाणी भरा. संध्याकाळी मूठभर मका किंवा बाजरी द्या, म्हणजे झोपताना पोट भरलेलं राहतं.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस थंडीआधीच उरकलेली बरी. शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने २००६ मध्ये बर्ड फ्लू पाहिलाय, तेव्हा रानपाखरं खाद्यापर्यंत पोहोचणार नाहीत एवढी बारीक जाळी लावा.

वर सातपुड्यात तोरणमाळ, डाबकडे दवबिंदू गोठतात. तिथे मोठ्या लाल, मांसल तुऱ्याच्या कोंबड्यांचे तुरे गारठ्याने काळे पडताहेत का ते रोज बघावं. खाली सपाटीवर एवढी वेळ क्वचित येते. उबेसाठी बल्ब लावायचाच तर साखळीने बांधा, भुशापासून लांब. सुतळीवर भरवसा नको.

अवकाळीचे ढग दिसले की सिल्की बाहेर सोडायच्या नाहीत. भिजलीच तर टॉवेलने टिपून हेअर ड्रायर मंद आचेवर, लांबून फिरवायचा. आमच्याकडे तो आता खुराड्याच्याच खिळ्याला असतो. घरात दुसरा घ्यावा लागला.