रूटरचं फर्मवेअर शिकायचंय? सिरियल केबलपासून सुरू करा

"ताई, ओपनडब्ल्यूआरटीत काम करायचंय. आधी सी पक्कं करू का कर्नल वाचायला घेऊ?" कॉलेजातली मुलं ओपनडब्ल्यूआरटीबद्दल, म्हणजे रूटरवर चालणाऱ्या खुल्या लिनक्स फर्मवेअरबद्दल (फर्मवेअर म्हणजे रूटरच्या आतलं सॉफ्टवेअर), असं विचारतात तेव्हा मी त्यांना आधी एक यूएसबी-टीटीएल अडॅप्टर, म्हणजे रूटरच्या बोर्डवरच्या सिरियल पिना लॅपटॉपच्या यूएसबीला जोडणारी केबल, घ्यायला सांगते. दोन-तीनशे रुपयांत येतो. सी भाषा लागतेच, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, तोही पुढे लागतो. पण रूटर चालू होताना काय काय करतो हे एकदाही न पाहता त्याचा कोड वाचत बसलं, तर महिन्याभरात कंटाळा येतो. चांगली हुशार मुलं यात अशी सुटलेली मी पाहिली आहेत आणि त्याचं वाईट वाटतं.

मी सांगलीत एका लहान इंटरनेट पुरवठादाराकडे रूटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. आता फर्मवेअर बांधणं आणि नव्या बोर्डांवर ओपनडब्ल्यूआरटी चालतं करणं हेच माझं काम आहे. खाली लिहिलंय ते या वाटेवर जे उपयोगी पडलं त्यातून.

थोडा इतिहास माहीत असू द्या. 2002च्या अखेरीस आलेल्या लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी54जी रूटरमध्ये लिनक्स असल्याचं लोकांच्या लक्षात आलं. जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअर परवान्यामुळे 2003 मध्ये त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला आणि 2004 मध्ये त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. मध्ये 2016 साली काही जण 'लेडे' नावाने वेगळे झाले, 2018 मध्ये पुन्हा एकत्र आले. आज तुमच्या घरातल्या रूटरमध्ये लिनक्स असेल, तर त्यातल्या जीपीएल भागाचा सोर्स मागायचा हक्क तुम्हालाही आहे, हे विसरू नका.

सरावाला जुना रूटर घ्या, पण कुठलाही नको. 4 एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची चिप) आणि 32 एमबी रॅमवाले आता कामाचे नाहीत, 8 आणि 64 वालेही जेमतेम चालतात. 16 एमबी फ्लॅश, 128 एमबी रॅम असेल तर निवांत शिकता येतं. आणि तळाच्या स्टिकरवर व्ही1, व्ही2 काय लिहिलंय ते वाचा. खोक्यावर नाव एकच असतं, आत चिप मात्र वेगळ्याच कंपनीची निघते. चुकीच्या व्हर्जनची इमेज (फर्मवेअरची फाइल) चढवली की रूटर विटेसारखा गप्प पडतो.

रूटर उघडलात की बोर्डवर बहुधा तीन-चार छिद्रांची एक रांग दिसेल. ग्राउंड, टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची) आणि व्होल्टेजची पिन. व्होल्टेजची जोडायचीच नाही. रूटरची टीएक्स अडॅप्टरच्या आरएक्सला, रूटरची आरएक्स अडॅप्टरच्या टीएक्सला. अडॅप्टर 3.3 व्होल्टवर आहे ना हे मल्टिमीटरने बघून घ्या, कारण 5 व्होल्टने चिप जाऊ शकते. सिरियलचा वेग (बॉड रेट) बहुतेक वेळा 115200, काही जुन्या बोर्डांवर 57600. स्क्रीनवर नुसती चित्रविचित्र अक्षरं आली तर आधी वेग बदलून पाहा. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना हे पटकन जमतं, कॉम्प्युटरच्या मुलांना गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) पटकन जमतं. एकेक जण मिळून जोडी करा, दोघांचंही शिकणं भरभर होतं.

आता मुख्य गोष्ट. तक्रारींतली सगळ्यात मोठी तक्रार एकच: "नुसतं रिबूट मारतंय." ऐकायला एक असली तरी तिच्यात निदान तीन वेगळे आजार असतात आणि सिरियलवर ते वेगळे दिसतात. कर्नल कोसळला असेल तर 'कर्नल पॅनिक' अशी ओळ येते, तिच्या वर फंक्शनांच्या नावांची माळ असते आणि तीन सेकंदांनी रूटर स्वतः उठतो. काही अडकून सगळं थिजलं असेल तर पॅनिकची ओळ येत नाही. लॉग (रूटर लिहीत असलेल्या नोंदी) थांबतो, काही काळ शांतता, मग वॉचडॉग (रूटर अडकला की त्याला उठवणारा टायमर) रीसेट करतो आणि बूटलोडरच्या, म्हणजे सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ओळी सुरू होतात. तिसरा प्रकार विजेचा. इथे लॉग ओळीच्या मध्येच, कधी शब्दाच्या मध्येच तुटतो आणि लगेच बूटलोडर. हे तीन प्रकार ओळखता आले की निम्मं काम झालं. रूटरचा नेहमीचा लॉग रॅममध्ये असतो, रिबूटबरोबर पुसला जातो. म्हणून सिरियल नसेल तर निदान तो लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायची सेटिंग लावा, नाहीतर पुरावाच उरत नाही. थिजलेल्या रूटरच्या शेवटच्या ओळी तशाही कधी कधी नेटवर्कवरून पोचत नाहीत, त्यामुळे खरा भरवसा सिरियलचाच.

तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून फोन आला होता. "ताई, नवीन फर्मवेअर टाकल्यापासनं नेट येतंय अन् जातंय." सगळ्यांचा संशय साहजिकच फर्मवेअरवर. सिरियल लावून बसलो तर लॉग मध्येच तुटत होता, आणि तुटायचा तो कॉम्प्रेसर चालू होण्याच्या क्षणी. मोटर सुरू होताना जास्त करंट ओढते, लाइनचं व्होल्टेज दबतं. रूटरला वीज देणारा अडॅप्टर चांगला असेल तर तो तेवढं सांभाळून नेतो. हा जुना, आतले कपॅसिटर थकलेले. नवीन 12 व्होल्टचा अडॅप्टर लावला, रूटर उभा राहिला. नवीन फर्मवेअरचा संबंध एवढाच की त्याच आठवड्यात ते चढवलं होतं. आपल्याकडच्या विजेत आणि मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली असलेल्या रूटरच्या बाबतीत कोड उघडण्याआधी विजेचा अडॅप्टर बदलून आणि रूटर सावलीत ठेवून पाहणं हा माझा नियम आहे. वळवाच्या पावसात वीज पडून एखादाच लॅन पोर्ट जातो, तेही फर्मवेअरचा दोष वाटतं. ती केबल दुसऱ्या पोर्टात लावून बघा.

फ्लॅशला हात लावण्याआधी सगळ्या एमटीडी पार्टिशनांची, म्हणजे फ्लॅशच्या भागांची, प्रत काढून लॅपटॉपवर ठेवा. त्यात 'एआरटी' किंवा 'फॅक्टरी' नावाचं छोटं पार्टिशन असतं. तुमच्याच बोर्डच्या वायफायचं कॅलिब्रेशन आणि बहुधा मॅक अ‍ॅड्रेसही त्यात असतो. ते पुसलं गेलं तर इंटरनेटवर कुठेच मिळणार नाही. नवीन बोर्डवर पहिली इमेज नेहमी इनिटरॅमएफएसची (रॅममधूनच चालणारी), टीएफटीपीवरून (नेटवर्कवर फाइल पाठवायची साधी पद्धत) थेट रॅममध्ये चालवायची. फ्लॅशवर एक बाइटही लिहिला जात नाही, बिघडलं तर वीज काढा आणि परत सुरुवात करा. नुसतं सेटिंग बिघडून आत शिरता येत नसेल तर फेलसेफ मोड आहेच: बूट होताना एलईडी लुकलुकत असताना बटण दाबायचं, मग 192.168.1.1 वर रूटर सापडतो.

बांधणीबद्दल, म्हणजे कोडपासून इमेज तयार करण्याबद्दल, थोडक्यात. लिनक्सवर करा, रूट युजरने करू नका, फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको, डिस्कवर वीसेक जीबी मोकळे ठेवा. पहिल्या बांधणीला साध्या लॅपटॉपवर तासनतास लागतात, कारण कंपायलरसुद्धा तिथेच बांधला जातो. पुढच्या बांधण्या पटकन होतात. एरर आली की शेवटची ओळ वाचून उपयोग नसतो. बांधणी करणाऱ्या 'मेक' कमांडला जे1 (एका वेळी एकच काम) आणि व्ही=एस (सगळे तपशील दाखव) देऊन पुन्हा चालवा, खरी चूक वर कुठेतरी सापडते. एखादी गोष्ट आधी चालत होती आणि आता बिघडली असेल तर गिट बायसेक्ट शिकाच. मधल्या हजार कमिटांतून (नोंदवलेल्या बदलांतून) दोषी कमिट दहाएक चाचण्यांत सापडतं.

नवीन बोर्डसाठी खरं लिखाण डीटीएस फाइलचं, म्हणजे बोर्डवर काय कुठे आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलचं, असतं: फ्लॅशची विभागणी, बटणं, एलईडी, मॅक अ‍ॅड्रेस कुठून वाचायचा. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो. त्यात बारीक बारीक तपासणी असते. खोक्यावर 'लॅन 1' लिहिलेल्या पोर्टात केबल लावल्यावर सिस्टिममध्येही लॅन 1च दिसतो का, हे एकेक पोर्ट घेऊन पाहावं लागतं. पॅच, म्हणजे आपला बदल, ओपनडब्ल्यूआरटीला पाठवताना 'साइन्ड-ऑफ-बाय'ची (हा बदल द्यायचा हक्क मला आहे असं सांगणारी) ओळ हवी, आणि कशावर, कसं तपासलं तेही लिहा. रिव्ह्यूत सुधारणा सांगतातच, दोन-चार फेऱ्या होतात. तो अपमान समजू नका. जगातल्या जाणकारांकडून फुकट मिळणारी शिकवणी असते ती.

नोकरीचं खरं सांगते. सांगली-मिरज-कुपवाडात नुसत्या फर्मवेअरच्या जागा मोजक्याच, पुणे किंवा घरून काम हेच रस्ते जास्त. पण स्वीकारला गेलेला एक पॅच बायोडाट्यात असला की बोलणं वेगळ्या पातळीवर सुरू होतं. मी स्वतः मुलाखतीत छापील बूट लॉगचं एक पान पुढे ठेवते आणि विचारते, हा रूटर का पडला असेल? लगेच कारण सांगणारे बरेच असतात. "मॅडम, याच्या आधीच्या ओळी मिळतील का?" असं विचारणाऱ्या उमेदवाराला मी दुसऱ्या दिवशी कामावर बोलावते.