मालवणी खाद्यमहोत्सवात स्टॉल लावताय? या चुका टाळा

दर हिवाळ्यात मैदानांवर मालवणी जत्रा आणि कोकणी खाद्यमहोत्सव भरतात. नवे स्टॉल येतात, हॉटेलांतले शेफ येतात, गावाकडच्या बचतगटांच्या बायका येतात आणि घोळ मात्र तेच होतात. चूक गर्दीच्या वेळी स्टॉलवर दिसते, पण बहुतेकदा ती आदल्या दिवशीच झालेली असते.

सगळ्यात मोठी चूक कोंबडी-वड्यांच्या हिशेबात होते. कोंबडी किती आणायची हे सगळे मोजतात, कढईतून तासाला किती वडे निघतील हे कुणी मोजत नाही. सोळा इंची कढईत एका वेळी चार ते पाच वडे नीट फुगतात. तळून काढायचे, तेल पुन्हा तापू द्यायचं, मग पुढचा घाणा, यात दीड-दोन मिनिटं सहज जातात. पाच वड्यांचं ताट धरलं तर एका कढईवर तासाला ३० ताटं होतात. त्यासाठीही एक माणूस फक्त थापायला आणि एक फक्त तळायला लागतो.

एका महोत्सवात एका स्टॉलने रात्री आठच्या आत दीडशे कुपनं विकली होती. कढई एकच होती. म्हणून संध्याकाळी पाचपासून वडे तळून थर्माकोलच्या खोक्यात झाकून ठेवले होते. गरम वड्यांची वाफ खोक्यातच कोंडली आणि साडेसातला झाकण उघडलं तेव्हा वडे चामड्यासारखे झाले होते. मग ते पुन्हा तेलात सोडले. मऊ पडलेल्या वड्याने तेल प्यायलं, कडा कडक झाल्या आणि मधला भाग चिवट राहिला. ताजे वडे तळायला घ्यावेत तर कढई जुने वडे गरम करण्यात अडकलेली. साडेनऊला लोक पैसे परत मागत होते आणि उत्तम शिजलेला रस्सा टोपात तसाच पडून होता.

उपाय सोपा आहे. कढया जितक्या, त्या हिशेबानेच कुपनं फाडा. दोन कढया असतील तर तासाला ६०, त्यापुढच्या गिऱ्हाइकाला पुढच्या तासाची वेळ लिहून द्या. जोडीला तांदळाची भाकरी किंवा घावणे ठेवा, म्हणजे घाई असलेला माणूस तिकडे वळतो. वडा मात्र कढईतून थेट ताटातच जायला हवा. आगाऊ तळलेला वडा विकणाऱ्याने कोंबडी-वडे अशी पाटी लावूच नये, असं आमचं ठाम मत आहे.

पिठाचाही हिशेब करा. घरोघर प्रमाण वेगळं असतं, पण एक किलो तांदळाला पाव किलो उडीदडाळ, मूठभर चणाडाळ आणि गहू, दोन चमचे धणे, एक चमचा बडीशेप आणि अर्धा चमचा मेथी हे जुळतं. दळण किंचित रवाळ हवं. किलोभर पिठात ३५ च्या आसपास वडे होतात, म्हणजे सात ताटं. दीडशे ताटांना २१-२२ किलो पीठ लागेल. ते सगळं दुपारी एकदम भिजवलं तर रात्रीपर्यंत सैल होतं, आंबतं आणि तेल ओढतं. पहिला गोळा दोनला आणि दुसरा पाचला, असं कोमट पाण्यात घट्ट भिजवा. तीन-चार तासांची विश्रांती पुरते.

दुसरी चूक वाटणाची, आणि तीही महागात पडते. एक किलो कोंबडीला अर्धा नारळ, दोन कांदे आणि दोन-अडीच मोठे चमचे मालवणी मसाला हे घरचं माप झालं. २० किलोला लोक सरळ विसाने गुणतात. नारळ-कांद्याला हे चालतं. मसाला, मीठ आणि लवंग-मिरीला चालत नाही, कारण रस्सा तासन्‌तास मंद आचेवर बसून आणखी तिखट होत जातो. हिशेबाच्या पाऊण पटीने सुरुवात करा, उकळी आल्यावर चाखा आणि उरलेला मसाला तेव्हा ठरवा.

दहा नारळांचा कीस एका कढईत भाजायला घेणं हा आळस आहे. खालचा कीस करपतो, वरचा वाफेवर नुसता गरम होतो, आणि एकदा कडवट झालेलं वाटण गूळ-साखर घालूनही सुधारत नाही. दोन-दोन नारळ घ्या, मंद आचेवर भाजा. रंग बदामीच्या पुढे, पण काळपटाच्या अलीकडे आला की लगेच परातीत पसरा, कारण तापल्या कढईत आच बंद केल्यावरही खोबरं भाजत राहतं.

आदल्या रात्री वाटण वाटून बाहेर ठेवणारे तर दरवर्षी भेटतात. ओलं खोबरं पाणी घालून वाटलं की आंबायला रात्र पुरते. सकाळी वरती बुडबुडे दिसतात, वास किंचित आंबूस येतो, आणि तरी ‘उकळलं की जाईल’ म्हणत ते टोपात ओततात. तो आंबूसपणा उकळून जात नाही. रात्री भाजा, कोरडंच गार करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी घरूनच वाटून न्या. मैदानावरच्या जनरेटरवर मिक्सर चालेल या भरवशावर राहू नका.

सोलकढीबद्दलही सांगायलाच हवं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याच महोत्सवांत बिटाच्या रसाने गुलाबी केलेली कढी विकली जाते. हे थांबलं पाहिजे. एका नारळाचं पहिलं आणि दुसरं दूध मिळून साधारण अर्धा लिटर कढी होते. दीडशे मिलीचे १०० ग्लास हवे असतील तर ३० नारळ लागतात. ते खवायला दोन माणसं वेगळी काढा. एका नारळाला दोन-तीन चमचे आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला घट्ट रस, घाला. आगळात मीठ असतंच, म्हणून वरचं मीठ शेवटी चाखून घाला. दूध काढायला घेतलेलं पाणी कोमट असेल तर दूध पूर्ण गार होऊ द्या, मगच आगळ मिसळा. ऊन दुधात आगळ पडलं की कढी फाटते.

सकाळी एकदमच टोपभर कढी करून ठेवली की दुपारपर्यंत वर साय तरंगते, लसूण उग्र होतो आणि उन्हात ती नासते. दूध बर्फात पुरलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवा. आगळ, ठेचलेली लसूण-मिरची आणि कोथिंबीर पाच-पाच लिटरला घाला, तीही लागेल तशी. कढीत बर्फ टाकू नका, पाणचट होते. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ अजिबात नको, आंबटाने भांड्याची चव उतरते.

मासळीत घाई नडते. तुकड्यांना मीठ-मसाला तासन्‌तास आधी लावला की पाणी सुटतं आणि रव्याचा थर तव्यावर गळून पडतो. अर्धा तास पुरे, आणि रवा-तांदळाचं पीठ तवा तापल्यावरच लावा. खोक्यात मासळीइतकाच बर्फ हवा आणि खाली पाणी निघून जायला भोक हवं. तिरफळं (उग्र वासाची मसाल्याची सुकी फळं) बांगड्याच्या, तारल्यांच्या कालवणात, काळी बी काढून आणि नुसती ठेचून घालायची. कोंबडीत तिरफळ घालून ‘वेगळा ट्विस्ट’ म्हणणारे शेफ तिरफळाचाही अपमान करतात आणि कोंबडीचाही.

काळ्या वाटाण्यांना दहा-बारा तास भिजवणं लागतंच. सोडा घातला की सालं सुटतात आणि उसळीचा लगदा होतो.

डिसेंबरात ओल्या काजूची उसळ पाटीवर लिहू नका. ओले काजू साधारण फेब्रुवारीनंतर येतात. वाळवलेले भिजवून करत असाल तर तसं लिहा, लोक तरीही खातात.

व्यासपीठावर प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या तज्ज्ञांनी प्रत्येक टप्प्याची वाटी तयार ठेवावी: भिजलेलं, भाजलेलं, वाटलेलं, शिजलेलं. खोबरं भाजून होईपर्यंत प्रेक्षक खुर्च्यांवर थांबत नाहीत. ‘अंदाजे मसाला’ असं माइकवर म्हणू नका. चमचा वर धरून दाखवा, कारण लोक तेवढ्यासाठीच आलेले असतात. परीक्षकांनी सौम्य पदार्थ आधी आणि तिखट शेवटी चाखावेत, मध्ये कोरडा भात घ्यावा. झणझणीत सुक्यानंतर चाखलेल्या खटखट्याला, म्हणजे मिश्र भाज्यांच्या सौम्य कालवणाला, न्याय मिळत नाही.

एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक स्टॉलवर दिसेल असा लावा. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या, घरगुती नको. जोडीला भरलेला एक राखीव हवा आणि रेग्युलेटरची नळी आदल्या दिवशीच साबणाच्या पाण्याने तपासलेली हवी. रस्सा ६० अंशांच्या खाली येऊ देऊ नका. शंभर-दोनशे रुपयांचा थर्मामीटर घ्यायला लोक का कचरतात, हे आम्हाला कळत नाही.

रात्री उरलेला रस्सा टोपात झाकून गाडीत ठेवू नका. खोल टोपात तो मधोमध पहाटेपर्यंत कोमट राहतो आणि तेवढ्यात नासतो. न्यायचाच असेल तर पसरट भांड्यांत ओता, भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये घाला. दुसऱ्या दिवशीच्या ताज्या रश्शात तो मिसळू नका.