कॉटेज मीटिंगला (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला) ‘पापी लोकांबरोबर जेवण’ हा विषय घ्यायचाय? मग असा घ्या

ऐरोली, कळवा, कोपरखैरणे कुठेही बघा, ह्या विषयावर वचन सांगायचं म्हटलं की बहुतेक जण परूशांना (येशूच्या काळातले, धर्मनियम काटेकोर पाळणारे यहूदी) झोडपतात आणि वीस मिनिटांत मोकळे होतात. तसं नका करू, परूशी वाईट म्हटलं की ऐकणारा निवांत होतो ना.

सुरुवात बायबलमधल्या मार्क २:१३-१७ पासून, कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. लेवी जकातीच्या नाक्यावर बसलेला, येशू त्याला बोलावतो आणि मग त्याच्या घरी जकातदार आणि ‘पापी’ लोकांबरोबर जेवतो. २०१७ ला जीएसटी येईपर्यंत मुलुंड चेकनाक्यावर ट्रकांची रांग लागायची ते आठवून द्या, मोठ्यांना लगेच चित्र दिसतं, फक्त एवढं जोडा की लेवीची वसुली हेरोदाच्या राज्यात, वर रोमची सत्ता, म्हणून लोकांचा राग जास्त. मग विचारा, ह्या जेवणाबद्दल परूशांतल्या शास्त्र्यांनी तक्रार कोणाकडे केली? येशूकडे नाही, शिष्यांकडे.

आता परूशांची बाजू. मार्क ७:३-४ वाचा, हात धुणं, भांडी धुणं, त्यांची शुद्धता जेवणाच्या ताटापर्यंत यायची. रोटीव्यवहार म्हणजे काय हे आपल्याला शिकवावं लागत नाही. घरकामाच्या ताईंचा कप वेगळा का, एवढंच विचारा आणि गप्प बसा. आणि लूक ७:३६ विसरू नका, येशू परूशाच्या घरीही जेवला.

जक्कय (झाडावर चढलेला जकातदार, येशू त्याच्या घरी गेला) झटपट उरका, उंबराचं झाड संडे स्कूलपासून पाठ आहे. फक्त लूक १९:७ दाखवा, तिथे सगळेच कुरकुर करतात, नुसते परूशी नाही.

खरा वेळ द्या गलती २:११-१४ ला. येशूचा शिष्य पेत्र अंत्युखियाला परराष्ट्रीयांबरोबर (यहूदी नसलेल्यांबरोबर) जेवायचा, पण यरुशलेमच्या मंडळीतल्या याकोबाकडची माणसं आली तसा मागे सरला, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्यात ओढला गेला, मग प्रेषित पौलाने तोंडावर सुनावलं. मंडळीतल्याच मोठ्या माणसाचं हे असं, त्यामुळे इथे चर्चा आपोआप रंगते, थांबवू नका.

कोणीतरी १ करिंथ ५:११ काढणारच, “अशा माणसाबरोबर जेवूही नका”. आधी वचन ९-१० वाचायला लावा, पौल बाहेरच्या लोकांबद्दल बोलत नाहीये, स्वतःला ‘बंधू’ म्हणवून तसंच जगणाऱ्याबद्दल बोलतोय. तरी वाद झालाच तर पाळकांवर (पास्टरांवर) सोपवा, रात्री अकरापर्यंत ओढू नका.

आणि यजमानांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, जेवायला पुरुष आधी आणि बायका नंतर असं नको, हॉल छोटा असेल तर सतरंजी टाकून सगळे एकदमच बसा.