ऑइल बदलताना इंजिनात वेगळा गाळ आढळला तर काय करावे

इंजिन ऑइल बदलताना ड्रेन प्लगवर (जुने ऑइल काढण्यासाठी खाली असलेल्या बोल्टवर), फिल्टरमध्ये किंवा ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नेहमीपेक्षा वेगळे काही दिसले, तर सर्वांत आधी हातातले फडके बाजूला ठेवावे. तो गाळ पुसला, जुने ऑइल ओतून दिले आणि फिल्टर फेकून दिला, की इंजिनात काय चालले आहे हे सांगणारा पुरावाच संपतो. गाळाच्या रंगाइतकेच तो कुठे आणि किती सापडला हे महत्त्वाचे असते. म्हणून भरपूर उजेडात फोटो काढावा, गाडी किती किलोमीटर चालली ते लिहून ठेवावे आणि ऑइल वाहत असताना मधल्या धारेतून साधारण 100 मिलिलिटर नमुना स्वच्छ, कोरड्या बाटलीत धरावा. हे काम इंजिन कोमट असताना, हातमोजे घालून करावे आणि गाडीखाली जायचे असल्यास केवळ जॅकवर विसंबू नये, गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी.

सर्वाधिक घबराट उडते ती झाकणाखाली साचलेल्या पिवळसर-पांढऱ्या, सायीसारख्या थरामुळे. थंड हवेत गाडी रोज दोन-चार किलोमीटरच चालत असेल, तर ऑइल पुरेसे तापत नाही, ज्वलनातून आलेली वाफ बाहेर पडण्याऐवजी थंड झाकणावर धरते आणि ऑइलमध्ये घुसळली जाऊन हा थर तयार होतो. थर झाकणापुरताच असून डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरचे) ऑइल स्वच्छ असेल, तर फोटो काढल्यावर झाकण पुसावे, गाडी अधूनमधून अर्धा-पाऊण तास सलग चालवावी आणि काही दिवसांनी पुन्हा पाहावे. मात्र डिपस्टिकवरही तोच दुधट रंग असेल, प्लगमधून निघणारी धारच गढूळ असेल किंवा कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी वारंवार खाली जात असेल, तर कूलंट ऑइलमध्ये उतरत आहे असे धरूनच चालावे. फुटलेले हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सीलबंद पट्टी), गळका ऑइल कूलर किंवा तडकलेले हेड ही त्याची नेहमीची कारणे आहेत. गाडी रात्रभर उभी असेल आणि प्लग अगदी हळू सैल केला, तर कूलंट ऑइलपेक्षा जड असल्यामुळे कधी कधी ऑइलच्या आधी त्याचेच थेंब गळताना दिसतात. असे ऑइल बेअरिंगांना पुरेसे वंगण देऊ शकत नाही. म्हणून नवे ऑइल भरून गाडी चालवत गॅरेजमध्ये नेण्याचा मोह टाळावा, ती टो करून न्यावी आणि कूलंटच्या प्रणालीची दाब-चाचणी करून घ्यावी.

धातूच्या बाबतीत प्रमाण आणि आकार पाहावा. चुंबक असलेल्या ड्रेन प्लगवर करड्या रंगाचा, बोटांत चोळल्यावर कण न जाणवणारा बारीक लेप असणे ही सामान्य झीज आहे. चिंता करावी ती चिमटीत धरता येतील अशा कपच्यांची आणि चकाकणाऱ्या पापुद्र्यांची. त्या दिसल्यास फिल्टर उघडावा, पण त्यासाठी फिल्टर कटरच वापरावा. करवतीने कापल्यास तिचाच कीस कागदात मिसळतो आणि निदान फसते. आतला घडीचा कागद कापून, दाबून ऑइल निथळू द्यावे आणि तो उन्हात उलगडून तिरपा धरावा. कागदावरून चुंबक फिरवल्यावर उचलले जाणारे कण लोखंडाचे असतात आणि ते कॅमशाफ्ट, टायमिंग चेन, ऑइल पंप किंवा सिलिंडरच्या झिजेकडे बोट दाखवतात. चुंबकाला न चिकटणारे रुपेरी कण पिस्टनचे किंवा बेअरिंगचे असू शकतात. तांबूस झाक दिसली आणि जोडीला इंजिनातून ठकठक ऐकू येत असेल, तर इंजिन पुन्हा सुरूच करू नये.

नुसते काळे ऑइल ही बिघाडाची खूण नव्हे. डिझेल इंजिनात नवे ऑइलही काजळीमुळे लवकरच काळे पडते. खरवडून काढावा लागणारा घट्ट साका मात्र ऑइल फार काळ न बदलल्याचे किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आत साचणारे वायू बाहेर काढणारी झडप) तुंबल्याचे लक्षण असतो. अशा इंजिनात घाईने फ्लश (आतून साफ करणारे रसायन) टाकणे मला धोक्याचे वाटते, कारण सुटलेला साका पिकअपच्या (पंपासाठी ऑइल ओढणाऱ्या नळीच्या) जाळीत अडकून ऑइलचा दाब पडू शकतो. त्यापेक्षा सम्प (ऑइल साठणारा तळाचा भाग) उतरवून जाळी साफ करावी आणि पुढचे एक-दोन ऑइल बदल लवकर करावेत. प्लास्टिकचे तुकडे बहुधा टायमिंग चेनच्या गाइडचे, तर रबरासारखे लवचीक धागे जुन्या सीलंटचे किंवा ऑइलमध्ये चालणाऱ्या टायमिंग बेल्टचे असतात, आणि तेही त्याच जाळीत जाऊन अडकतात. ऑइलला इंधनाचा वास येऊन डिपस्टिकवरची पातळी वाढली असेल, तर इंजेक्टर तपासावेत.

डोळ्यांनी उलगडा झाला नाही, तर बाटलीतला नमुना ऑइलचा ग्रेड आणि किलोमीटरच्या नोंदीसह प्रयोगशाळेत पाठवावा. सोडियम आणि पोटॅशियम वाढलेले आढळले तर कूलंटचा, सिलिकॉन वाढला असेल तर धुळीचा किंवा सीलंटचा संशय घेता येतो. अहवाल येईपर्यंत उरलेले ऑइल आणि फिल्टर झाकणबंद डब्यात ठेवावेत आणि नंतरही गटारात किंवा मातीत न टाकता वापरलेले ऑइल स्वीकारणाऱ्या केंद्राकडे सोपवावेत.